टाकीतला पाचवा नमुना

संशोधिकेने साठ अंशांच्या पाण्याच्या टाकीत चार पट्ट्या टांगल्या. स्टील, काच, रबर आणि प्लॅस्टिक. कढत पाण्यात सुखाने नांदणारे जिवाणू कशाला चिकटून जास्त जाड थर धरतात, एवढंच बघायचं होतं. चार वर्षांत त्यांनी कशावरच थर धरला नव्हता. हा शेवटचा प्रयत्न. एकविसाव्या दिवशी बाहेरचे परीक्षक येणार. थर दिसला तर पदवी, नाहीतर घरी.

झाकण लावण्याआधी विभागप्रमुख टाकीत डोकावले. वाफ नाकात गेली, सणसणीत शिंक आली आणि पाण्यात डुबुक असा आवाज झाला.

"सर, काहीतरी पडलं."

सरांनी तोंडावर रुमाल धरला. "काही नाही. झाकण लाव," असं ते म्हणाले असावेत.

झाकणाला सील लागलं. एकवीस दिवस ते उघडायचं नाही, हा नियम सरांचाच. त्या दिवसापासून सरांचा आवाज बसला. तास रद्द झाले, बैठकीत ते चिठ्ठ्या लिहू लागले. दहाव्या दिवशी त्यांच्या पत्नीने संशोधिकेला फोन केला.

"अगं, ह्यांची खालची कवळी ऑफिसात राहिली म्हणतात. रोज तिथेच तर येतात ना? मग आणायला काय होतं?"

संशोधिकेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बासष्टाव्या वर्षी एकही दात नकली नाही, ही सरांची फुशारकी विभागाने हजारदा ऐकली होती. पण सील तोडलं तर पदवी बुडणार. "बघते हं, काकू," म्हणून तिने फोन ठेवला आणि काहीच बघितलं नाही.

परीक्षकांसमोर झाकण निघालं. चारही पट्ट्या घासूनपुसून ठेवल्यासारख्या लख्ख. परीक्षकांनी मात्र चिमट्याने तळातून एक वस्तू वर काढली. तिच्यावर दाट, बुळबुळीत, बदामी थर होता.

"हा पाचवा नमुना यादीत नाही."

सर छताकडे बघत होते. "कवळीचं प्लॅस्टिक आहे, सर," ती परीक्षकांना म्हणाली. "ऐनवेळी घातलं."

"छान डोकं लढवलंत. पण तुलनेला असाच, थर नसलेला तुकडा हवा. तो दाखवा, आत्ता सही करतो. नसेल तर माझा नाइलाज आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दारात सगळा विभाग जमला होता. सरांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, तोंडात बोटं घातली आणि वरची कवळी काढून काचेच्या बशीत ठेवली. चार वर्षं ज्यांच्या नावाने ती खडे फोडत होती, त्या माणसाबद्दल तिला आज भरून आलं.

परीक्षकांनी ती कवळी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बराच वेळ पाहिलं. मग सही करून कागद तिच्या हातात दिला.

"पदवी घ्या," ते हळूच म्हणाले. "पण स्वच्छ नमुना म्हणून ही चालणार नाही. टाकीतली बरी."