एकदा वापरलेले पाणी

झाडांना ताजे पाणी घालण्यास मनाई आहे. एकदा वापरलेले पाणी घालण्यास हरकत नाही, असे पाणी खात्याचे पत्रक उन्हाळ्याच्या दुसऱ्या महिन्यात दारोदार चिकटवण्यात आले. तलावाने तळ दाखवायला सुरुवात केली होती, तेव्हा पत्रक वाजवीच होते. नानांनी ते दोनदा वाचले आणि त्यांना बरे वाटले. एकतीस वर्षे मुख्य लिपिक म्हणून काढलेल्या माणसाला शुद्ध भाषेतली मनाई वाचूनच निम्मा गारवा मिळतो.

नानांच्या गच्चीवर अर्ध्या पिंपात लिंबाचे झाड होते. निवृत्तीनंतर लावलेले. सहा वर्षे त्याने नुसते काटे दाखवले आणि यंदा, ऐन भट्टीत, त्याला सात लिंबे धरली. नाना रोज सकाळी त्यांची हजेरी घेत. ती पिकेपर्यंत झाड जगवायचे, एवढीच त्यांची या उन्हाळ्याकडून अपेक्षा होती.

पहिल्याच दिवशी ते भाजी धुतलेले पाणी घेऊन वर गेले, तर तिथे पाणी निरीक्षक हजर.

"हे वापरलेलंय कशावरून?"

"भाजी धुतली त्यात," मागून आलेल्या काकू म्हणाल्या.

"काकू, बादलीचा तळ दिसतोय! वापरलेलं पाणी इतकं स्वच्छ असतं होय?"

"भाजी स्वच्छ होती."

"मग धुतली कशाला?"

काकूंना उत्तर सुचले नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात नानांनी हे दृश्य प्रथमच पाहिले, आणि निरीक्षकाबद्दल त्यांच्या मनात आदर दाटून आला.

निरीक्षकाने फॉर्म दिला. पाणी कोणी वापरले, कशासाठी, वापर पूर्ण झाला की अंशतः, वापरणाऱ्याचे समाधान झाले का. नमुना म्हणून त्याने अख्खी बादलीच नेली. अहवाल नवव्या दिवशी आला: गढूळपणा अपुरा. तोवर दोन लिंबे गळाली होती.

"तुमचं घर जरा जास्तच स्वच्छ आहे," निरीक्षक सहानुभूतीने म्हणाला. "मी तरी काय करणार?"

अंघोळीच्या ताज्या पाण्यावर मात्र बंधन नव्हते, कारण स्वच्छता हा नागरिकांचा हक्क होता. नानांनी ही तरतूद शोधून काढली. पिंपातली मूठभर माती अंगाला चोळायची आणि परातीत उभे राहून अंघोळ करायची. तीन बादल्या ओतल्या की एक बादली परातीत सापडे. बाकीच्या दोन मोरीला जात.

"अहो, नातवंडांनी पाहिलं तर काय म्हणतील?" काकूंनी टॉवेल पुढे करत विचारले.

"म्हणतील, आजोबा नियमानं वागतात."

"नियमानं वागणारा माणूस चौथ्यांदा चिखल फासत नाही हो!"

पण कल्पना इमारतभर पसरली. लोक धुतलेल्या चादरी पायदळी तुडवून पुन्हा धुऊ लागले. वापरलेल्या पाण्याचे उत्पादन तिप्पट झाले. खात्याने यास पाणीबचतीचा विक्रम म्हटले आणि तलाव आणखी दोन हात खाली गेला.

नानांच्या दुसऱ्या नमुन्याचा अहवाल आला. गढूळपणा समाधानकारक, मात्र माती लाभार्थी झाडाच्याच पिंपातील असल्याने हितसंबंध गुंतलेले आहेत. त्रयस्थ माती वापरावी. नाना भर उन्हात, डोक्यावर ओला रुमाल घेऊन, त्रयस्थ माती शोधत फिरले. तिसरा नमुना गेला. पाने तांबडी झाली, मग कुरकुरीत झाली, मग राहिलीच नाहीत.

निरीक्षक धापा टाकत जिना चढून आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद होता.

"नाना, पेढे... नाही, सरबत तरी द्या! कायमची मंजुरी! अख्ख्या विभागात पहिली!"

नानांनी पिंपाकडे बोट दाखवले. तिथे एक काठी उभी होती. काकूंनी फांदीखालून शेवटचे लिंबू उचलले. ते हलवले तर आत काहीतरी खुळखुळले.

"हे वाळलंय हो," नाना म्हणाले. त्यांचा आवाज कचेरीतला नव्हता.

"म्हणूनच तर मिळाली! झाड जिवंत असलं की पंचाईत. आज एवढं लागतं, उद्या तेवढं. आता गरजेत बदल नाही, तक्रार नाही, फेरतपासणी नाही. घाला खुशाल."

नानांनी बादली उचलली आणि काठीला पाणी घातले. मंजूर होते.

संध्याकाळपर्यंत जिन्यात खालच्या फाटकापर्यंत रांग लागली. झाडाची चौकशी कोणी केली नाही. कायमची मंजुरी मिळवली कशी, एवढेच ज्याला त्याला हवे होते. तुम्हालाही ते हवे असणार, म्हणून सांगतो: तुमच्या खिडकीतले रोप अजून हिरवे असेल, तर उगाच रांगेत गर्दी करू नका. दोन आठवड्यांनी या.