माझ्या चेहऱ्याची नस्ती

माणसाचा चेहरा ही त्याची खाजगी मालमत्ता आहे, असा एक समज समाजात आढळतो. तो बरोबर नाही. चेहरा वापरतात दुसरेच. मालकाकडे फक्त देखभाल असते. धुवायचा आपण, बघायचा समोरच्यानं.

माझ्या चेहऱ्याची देखभाल एकंदरीत समाधानकारक होती. वय बावन्न, नाक एक, कान दोन, आणि दोन्ही डोळ्यांखाली एकेक पिशवी. गोल बाजारात पावशेर साखर कागदात बांधून देतात, साधारण त्या आकाराची. (मंदाकिनी म्हणते, छटाक. पत्नी आहे, कमीच सांगणार.) या पिशव्यांमुळे माझं कधी काही अडलं नाही. उलट ऑफिसात कुणी वारलं की शोकसभेत पहिलं भाषण मला मिळायचं. सुरुवात न करताच माझं अर्धं भाषण झालेलं असे.

राज्य नवं झालं तेव्हा भोपाळच्या टेबलखुर्च्यांसोबत मीही वाटणीत रायपूरला आलो. पुढे राजधानी नवी झाली, मंत्रालय नवं झालं, आणि शासनाने विकासासाठी सगळीकडे काचा लावल्या. ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरी जो आरसा आहे, त्यात एका वेळी एकच गाल मावतो. नोव्हेंबरात एका सकाळी स्टाफ बसमधून उतरलो, तर समोरून एक अत्यंत दुःखी गृहस्थ येत होते. त्यांना वाट द्यावी म्हणून मी बाजूला झालो. तेही झाले.

त्या दिवसापासून मला या पिशव्या काढायचं ऑपरेशन हवं होतं. परंतु शासकीय सेवकाला नुसतं हवं असून चालत नाही, त्याला कारण लागतं. कारण फेब्रुवारीत मिळालं.

आमची शर्मिष्ठा सव्वीस वर्षांची, बँकेत नोकरीला. तिला पाहायला नागपूरहून मंडळी आली. मुलगा गौतम, त्याची आई वनमालाबाई, आणि मामा यशवंतराव. हे मामा रायपूरलाच आमच्या मंत्रालयात अवर सचिव, पण सामान्य प्रशासनात, म्हणजे देव आणि आमच्यामध्ये. वनमालाबाईंनी पोह्यांकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्हाले किडनीचं काही आहे काय?"

"नाही नाही."

"मग रडून राहिले होते काय आत्ता?"

मंडळी 'कळवतो' म्हणून गेली आणि कळवेना. तीन आठवडे झाले. शर्मिष्ठा फोन घेऊन गच्चीवर जायची आणि खाली आली की कुणाशी बोलायची नाही. घरावर सुतक आल्यासारखं झालं, आणि त्यालाही माझाच चेहरा शोभत होता. मुलीच्या सुखाआड बापाच्या पिशव्या येत असतील, तर त्या बापाने काय करावं? मी ताबडतोब त्याग करायचं ठरवलं. (नोव्हेंबर आणि फेब्रुवारी यांचा क्रम मी कागदोपत्री उलटा लावला. तारखा काय, मागेपुढे होतात.)

प्रश्न एवढाच उरला, की त्याग कुठे करावा: देशात की परदेशात?

प्रथम देशात. रिंग रोडवर टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक सौंदर्यशल्य क्लिनिक आहे. तिथे मी मार्च महिन्यात मफलर बांधून गेलो. प्रतीक्षाकक्षात चौदा जण होते, पैकी सहा मराठी, पैकी पाच बुढापाऱ्यातले ओळखीचे. पाचही जण चामखीळ दाखवायला आले होते. मीही चामखीळच दाखवायला आलो असल्याचं सांगितलं. कुठे आहे, असं कुणी कुणाला विचारलं नाही. आपला समाज सुसंस्कृत आहे तो असा. मात्र मी घरी पोचायच्या आत मंदाकिनीला दोन फोन येऊन गेले होते.

मग परदेश. एका सहल एजंटाने बँकॉकचं पत्रक दिलं: पाच रात्री, सहा दिवस, पिशव्या दोन, नौकाविहार एक, मंदिरदर्शन ऐच्छिक. मी अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने तुलनात्मक तक्ता मांडला.

भाषा: बँकॉकचा डॉक्टर काय म्हणतो ते कळणार नाही, रायपूरचा काय म्हणतो ते कळेल. (बँकॉकला एक गुण.)

सूज: बँकॉकला नदीकाठी उतरेल, रायपूरला मेव्हण्यासमोर.

बिघडल्यास: रायपूरच्या डॉक्टरच्या दारात जाऊन बसता येतं. बँकॉकचं दार कोणतं हेच आठवणार नाही. (रायपूरला एक गुण.)

खर्च: हा रकाना कोरा ठेवला, कारण मंदाकिनी तक्ते वाचते.

गोपनीयता: बँकॉक. इथे स्पर्धाच नव्हती. सहा दिवस 'तिरुपतीला गेलो होतो' म्हणायचं, आणि परत आल्यावर चेहऱ्यावर जे काही दिसेल ते व्यंकटेशाच्या नावावर टाकायचं.

तेव्हा बँकॉक ठरलं, ते निव्वळ कुणाला कळू नये म्हणून.

आता शासकीय सेवकाला परदेशी जायचं तर पूर्वपरवानगी लागते, आणि अर्जात 'प्रयोजन' असा एक रकाना असतो. शहाणी माणसं तिथे 'पर्यटन' लिहितात. परंतु तो अर्ज तपासणारा कारकून गेली अठ्ठावीस वर्षं मीच होतो. 'प्रयोजन मोघम आहे, स्पष्ट करावे' असा शेरा मारून मी आजवर एकशे बारा अर्ज परत पाठवले आहेत. स्वतःच्या अर्जावर तो शेरा माझ्याच्याने सहन झाला नसता. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'कन्येच्या विवाहास्तव दोन्ही डोळ्यांखालील पिशव्यांचे निर्मूलन.' सोबत छायाचित्रं तीन, समोरून एक, बाजूने दोन, स्वसाक्षांकित. वर 'गोपनीय' असा शिक्का मारला. (नव्या मंत्रालयात गोपनीय नस्ती, म्हणजे फाइल, आधी उघडण्याची पद्धत आहे.)

"मले एक सांगा," मंदाकिनी म्हणाली, "लपवाले जाऊन राहिले, तर फोटो काहून जोडले?"

"सहपत्राशिवाय अर्ज अपूर्ण असतो."

"तुमच्याशी लग्न करताना मीच मोघम राहिली."

नस्ती निघाली. तिचा प्रवास मी इथे संक्षेपाने देतो. (मूळ टिपा हिंदीत, मराठी माझं.)

पहिलं टेबल: 'छायाचित्रात डावी पिशवी अस्पष्ट. सुस्पष्ट प्रत जोडावी.'

दुसरं टेबल: 'सदर पिशव्यांमुळे शासकीय कामात व्यत्यय येतो काय? येत असल्यास कोणत्या वर्षापासून?'

तिसरं टेबल: 'राज्यात सुविधा उपलब्ध असता परदेशाचे औचित्य काय? स्थानिक डॉक्टरचे असमर्थता प्रमाणपत्र जोडावे.'

मी पुन्हा मफलर बांधला. टायरवरच्या डॉक्टरांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकलं. "मतलब मैं लिखकर दूँ, कि मुझसे नहीं होगा?" ते म्हणाले. "देवघरेजी, आधे घंटे का काम है. इतने में तो नीचे टायर नहीं बदलता." प्रमाणपत्र मिळालं नाही. मी 'डॉक्टर असमर्थता देण्यास असमर्थ' अशी टीप लिहिली, ती मान्य झाली.

चौथं टेबल अभ्यासू निघालं. त्यांनी माझं सेवापुस्तक मागवलं. त्यात पहिल्याच पानावर, चोविसाव्या वर्षी रुजू होताना, शरीरावरील ओळखचिन्ह म्हणून नोंद होती: 'दोन्ही डोळ्यांखाली फुगीर भाग.' त्यांनी विचारलं, ओळखचिन्हच काढल्यास सेवकास निवृत्तिवेतन कोणत्या आधारे द्यावे?

दरम्यान स्टाफ बसमध्ये माझ्या पिशव्यांवर उघड चर्चा होऊ लागली. धर्मपाल आमच्या आवक-जावकमध्ये आहे, मूळ बलौदाबाजारचा. सगळ्या नस्त्या त्याच्या हातून जातात आणि तो त्या हाताने झाकत नाही. त्याने बसमध्ये मतदान घेतलं. बावन्न जागांपैकी एकतीस बँकॉकच्या बाजूने, सतरा रायपूरच्या, तीन तटस्थ, एक झोपलेला.

"भैया, ड्रायव्हर भी बँकॉक बोलथे," धर्मपाल म्हणाला. मग माझ्या कानाशी वाकला. "फेर एक ठन बात हे. फाइल ह मामाजी के टेबल म पहुँच गे हे."

"कुणाच्या मामाच्या?"

"होवइया दमाद के."

पाचवं टेबल यशवंतरावांचं होतं, म्हणजे होणाऱ्या जावयाच्या मामांचं. त्यांची टीप एकाच ओळीची: 'सेवकास पिशव्या चोविसाव्या वर्षापासून आहेत. सबब विकार आनुवंशिक आहे किंवा कसे, सात दिवसांत स्पष्ट करावे.'

हा प्रश्न शासन विचारत होतं की वरपक्ष, हे टिपेवरून कळत नव्हतं. दोघांची भाषा सारखीच असते. 'नाही' म्हणावं तर मग किडनी, नाहीतर दारू. 'हो' म्हणावं तर पुढची पिशवी शर्मिष्ठेची. मी घरी दोन्ही मसुदे तयार केले आणि जेवायच्या टेबलावर समोरासमोर ठेवले.

"लिहा ना, चश्म्याच्या वजनानं झाल्या," मंदाकिनी म्हणाली.

शर्मिष्ठेने दोन्ही मसुदे वाचले. ती लहानपणापासून मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. "बाबा, हॉल में दादाजी की फोटो लगी है. मामाजी पूरे टाइम उसी के नीचे बैठे थे. आप किससे छुपा रहे हो?"

"तुझ्यासाठीच करून राहिलो, बाई."

"हेरेडिटरी लिख दो. मैंने गौतम को बता दिया है, चालीस के बाद मेरे भी आएँगे. वो बोला, चलेगा, उसके पापा तो पूरे गंजे हैं."

"मग इतके दिवस कळवलं काहून नाही त्यांनी?"

"आंटी आपकी किडनी की रिपोर्ट का वेट कर रही हैं. आप तो बँकॉक में लगे थे." मग जरा थांबून तिने विचारलं, "तो अब तो नहीं कराओगे ना?"

मी पाणी प्यायलो. माझ्या त्यागाला आता लाभार्थीच उरला नव्हता. अशा वेळी योजना बंद करायची असते, हे मला ठाऊक आहे. पण शासनात इतकी वर्षं काढल्यावर, लाभार्थी नाही म्हणून योजना बंद झालेली मी एकही पाहिलेली नाही.

मी खरं ते लिहिलं. 'होय. वडिलांना होत्या, आत्याला होत्या, मला आहेत, पुढेही होतील. किडनीचा अहवाल सोबत, सर्व काही नॉर्मल.' सातव्या दिवशी यशवंतरावांची टीप आली: 'खुलासा समाधानकारक. माझ्या भगिनींशी व भाच्याशी दूरध्वनीवर बोललो, दोघांची हरकत नाही. परदेशगमनास अनुमती देण्यात यावी. साखरपुडा अक्षय्य तृतीयेस सोयीचा.' खाली वरच्या साहेबांनी सही केली: 'दोन्हीस मान्यता.' माझ्या मुलीचं लग्न अशा रीतीने नोटशीटच्या नवव्या पानावर ठरलं.

परवानगी हातात आल्यावर मात्र एक तार्किक अडचण लक्षात आली. बँकॉकला जायचं ते कुणाला कळू नये म्हणून, आणि आता कळायचं कुणी राहिलं नव्हतं. सबब मी रायपूरलाच करून घेतलं. मे महिन्यात, टायरच्या वर, अर्ध्या तासात. या वेळी मफलर बांधला नाही. प्रतीक्षाकक्षात तेच चामखीळवाले होते. त्यांनी उभं राहून शुभेच्छा दिल्या. घरी मी कुणाला कारण सांगितलं नाही आणि शर्मिष्ठेने विचारलं नाही. ती फक्त बर्फ आणून द्यायची.

ऑपरेशन यशस्वी झालं. चेहरा इतका टवटवीत झाला की जुलैमध्ये लग्नात वनमालाबाईंनी मला दोनदा मंदाकिनीचा धाकटा भाऊ समजून आहेर दिला. फोटोग्राफर म्हणाला, अंकल, आप तो हर फोटो में खुश दिखते हो. खरंच दिसत होतो. कसाही उभा राहिलो तरी दिसत होतो.

पाठवणीच्या वेळी गाडीचं दार उघडं होतं. शर्मिष्ठा आईच्या गळ्यात पडून रडली, मावशीच्या गळ्यात पडून रडली, धर्मपालच्या बायकोच्या गळ्यात पडूनही रडली. मग माझ्यासमोर आली आणि थांबली. माझ्या चेहऱ्याकडे तिने नीट पाहिलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. लहानपणापासून मला वाईट वाटलं की तिला माझ्याआधी कळायचं, कारण पिशव्या आधी भरायच्या.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "रडून राहिले का? मले समजून नाही राहिलं."

तिचं पहिलं पूर्ण मराठी वाक्य ते. मी होय म्हणालो. तिने माझा शब्द खरा धरला, चेहरा पुरावा म्हणून चालत नव्हता. मग ती गाडीत बसली.

आता तुम्ही. हे वाचता वाचता तुमचं बोट एकदा तरी गालावर, हनुवटीखाली किंवा कपाळाच्या वर जिथे पूर्वी केस होते तिथे जाऊन आलं आहे. नाकारू नका, नाकारण्याने सुरकुत्या पडतात. देशात करा, परदेशात करा, मत द्यायला आमची बस आहेच. तुम्हीही ते स्वतःसाठी करणार नाही, हे मला माहीत आहे. घरात मुलगा, मुलगी, बायको, नवरा, कुणीतरी असेलच. 'प्रयोजन' रकान्यात त्यातलं कोणाचं नाव लिहायचं, तेवढं आजच ठरवून ठेवा.