कडू लागलं का, मिस्त्री?

मिस्त्रींच्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी ते कामाला होते त्या कारखान्यात एक बाई लोकांच्या तोंडांची परीक्षा घ्यायला आल्या. कारखान्यात पांढरा दगड दळून त्याची भुकटी व्हायची. सव्वीस वर्षं मिस्त्री मोठ्या चक्कीवर होते. आवाज जरा बदलला की कुठला बोल्ट ढिला झालाय ते पाठमोरे उभे राहून सांगायचे. आजवर धुळीसाठी सगळे नाकाला फडकं बांधत. आता ज्याच्या त्याच्या चेहऱ्याला नेमका बसेल असा मास्क मिळणार होता, आणि ज्याचं जमणार नाही त्याची चक्कीवरून उचलबांगडी होऊन गेटवर रवानगी होणार होती.

गेट मिस्त्रींना अजिबात नको होतं. गेटवर नोंदवही घेऊन त्यांचा मेहुणा बसायचा. बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. अकरा वर्षं त्याच्याशी बोलणं नव्हतं. रोज आत येताना मिस्त्री मान डावीकडे वळवायचे. त्यापायी मानेत एक उसण कायमची मुक्कामाला आली होती.

अकरा वर्षांपूर्वी हा मेहुणा जेवायला आला आणि पहिल्याच घासाला म्हणाला, “ताई, मिठाची बरणी लवंडली की काय?” बायको वाढत होती, तिचं जेवण व्हायचं होतं. तिचा चेहरा उतरला. मिस्त्रींनी आपल्या ताटातला घास खाल्ला. त्यांना काहीच वावगं लागलं नाही. “माझ्या घरात बसून माझ्या बायकोला नावं ठेवतोस? ऊठ ताटावरून!” मेहुणा उठला, तो उठलाच.

परीक्षा सोपी होती. डोक्यावर पिशवीसारखं टोपडं घालायचं, त्याला समोर पारदर्शक खिडकी आणि खाली एक भोक. भोकातून बाई कडू पाण्याचा फवारा मारायच्या. आधी मास्क न लावता; माणसाला कडू कळतं की नाही ते बघायला. मग मास्क लावून. तेव्हाही कडू लागलं, तर मास्क कुठेतरी गळतोय.

मिस्त्रींच्या आधी चक्कीवरच्याच लंबूचा नंबर होता. तिसऱ्याच फवाऱ्याला तो ओरडला, “अरारारा! थू! मॅडम, हे विष कुणी शोधलं?” पुढे त्याच्या लांबोळक्या हनुवटीवर तीन मास्क गळले. चौथा बसला.

मिस्त्री टोपड्यात शिरले. दहा फवारे झाले.

“कडू लागलं का, काका?”

“अजून नाही.”

वीस झाले. मिस्त्रींनी जीभ बाहेर काढून ओठांवरून फिरवली. ओठ ओले होते, एवढंच कळलं.

“काका, तिसापर्यंत नाही लागलं तर ही परीक्षा तुम्हाला चालायची नाही. दुसरं यंत्र मागवावं लागेल. ते येईपर्यंत गेटवर बसा.”

एकोणतिसाव्या फवाऱ्याला मिस्त्रींना लंबूचा चेहरा आठवला. “अरारारा! थू!”

“कळलं ना?”

“जहर आहे, मॅडम, जहर!”

मग मास्क चढला. मिस्त्रींनी मान हलवली, खाली वाकले, शंभरपासून उलटे आकडे मोठ्यानं म्हटले. बाई फवारत होत्या.

“आता कडू लागतंय?”

“नाही,” मिस्त्री म्हणाले. त्या ‘थू’नंतर दिवसभरात खरं म्हणून ते एवढंच बोलले.

पहिल्याच मास्कात पास झालेला अख्ख्या कारखान्यात हा एकटा. साहेबांनी त्यांचा मास्कासकट फोटो काढून चक्कीच्या दाराशी लावला. लंबू म्हणाला, “साचा आधी यांच्या थोबाडाचा घेतला असणार, मास्क मागाहून झाले.” मिस्त्री मिशीत हसले.

पुढच्या आठवड्यात वरचे पाहुणे कारखाना बघायला आले, आणि साहेबांना हौस आली. मास्क नीट बसला नाही तर काय होतं ते दाखवायचं ठरलं. त्यासाठी माणूस कोण? फोटोतला. बाईंनी मिस्त्रींना न सांगता त्यांच्या डोक्यामागचा पट्टा हळूच ढिला केला. सगळ्यांना ते दिसलं, मिस्त्रींना सोडून.

“कडू लागलं का, मिस्त्री?” साहेबांनी विचारलं.

“थेंबभर नाही, साहेब!”

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. बाईंनी अजून फवारलं.

“आता?”

“छे! आपला चेहराच तसा आहे!”

मास्क घसरून हनुवटीवर आला तरी मिस्त्री नाही म्हणत होते. बाटली संपत आली. टोपड्याखालून निसटलेल्या फवाऱ्यानं जवळचे दोन पाहुणे खोकू-थुंकू लागले. साहेबांना वाटलं, मिस्त्रींना काहीच लागत नाही म्हणजे बाटलीत साधं पाणीच असणार, पाहुण्यांना दुसरंच काही होतंय. खात्री करायला त्यांनी बोटावर थेंब घेऊन चाटला. पुढचा अर्धा तास साहेबांनी कारखाना खाणाखुणांनी चालवला.

बाईंनी मिस्त्रींच्या डोक्यावरचं टोपडं काढलं. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “काका, चव कधीपासून नाही?”

“बारा-तेरा वर्षं झाली असतील. हळूहळू गेली. जाताना काही सांगून गेली नाही.”

“इतकी वर्षं नुसत्या फडक्यातून धूळ ओढलीत. छातीचा फोटो काढून घ्या, काका. उद्याच.”

घरी बातमी त्यांच्याआधी पोचली होती. बायको दारातच उभी. “अहो, मग रोज ‘छान झालंय’ म्हणता ते कशावरून?”

“तुझ्याकडे बघून. तू पहिला घास घेतलास की मला समजतं.”

ती जरा लाजली. मग तिला एकदम काही आठवलं.

“माझा भाऊ आला होता, तेव्हा मी वाढत होते.”

“हो.”

“माझा घास झालाच नव्हता.”

मिस्त्री चपला काढत राहिले. दोनच चपला होत्या, पण त्यांनी बराच वेळ लावला.

“मी मागून जेवले,” बायको म्हणाली. “मीठ दोनदा पडलं होतं. मला वाटलं, तुम्हाला कळलं, तरी माझी लाज राखायला तुम्ही माझ्या सख्ख्या भावाला उठवलंत. अकरा वर्षं त्याच्याशी बोलले नाही मी. मनात म्हणायची, नवरा असावा तर असा.”

“अगं, मग मीठ जास्त होतं हे तेव्हाच का नाही बोललीस?”

“कशी बोलणार? तुम्ही खोटे पडला असता.”

जेवायला बसल्यावर तिनं तोंड भिंतीकडे केलं, पहिला घास घेतला आणि म्हणाली, “हं, सांगा आता, कसं झालंय.”

सोमवारी मिस्त्रींची खुर्ची गेटवर आली. मान डावीकडे वळवायची तर तिकडे भिंत होती. दुपारपर्यंत दोघं रस्त्याकडे बघत बसले. आत चक्कीचा एक बोल्ट ढिला झाला होता. मिस्त्रींना तो इथवर ऐकू येत होता, पण विचारायला कुणी आलं नाही.

डबे उघडले तेव्हा ते म्हणाले, “त्या दिवशी मीठ जास्तच होतं.”

मेहुण्यानं नोंदवहीतून मान वर केली नाही. “माहीत आहे. मी खाल्लं होतं.”

मग त्यानं आपल्या डब्यातला एक घास घेतला आणि डबा पुढे सरकवला. “दाजी, घ्या.”

“मला काय कळणार आता?”

“म्हणूनच देतोय. आमच्या हिच्या हातचं आहे. खानदानात एक तरी छान म्हणणारा पाहिजे.”

मिस्त्रींनी सवयीनं आधी मेहुण्याचा चेहरा पाहिला. तो चेहरा बघवत नव्हता. घास गिळून ते म्हणाले, “छान झालंय.”

दुसरं यंत्र काही आलं नाही. त्यानंतर रोज गेटवर दोन्ही घरच्या डब्यांना ते छान म्हणायचे. बायको भावाकडे जाऊ-येऊ लागली. चक्कीच्या दाराशी लावलेला फोटो कुणी काढला नाही. छातीचा फोटो काढायला बायकोनं आणि मेहुण्यानं शंभरदा सांगितलं, मिस्त्री म्हणायचे, “एक लागलाय ना भिंतीवर, आणखी कशाला?”

जुळी चौथ्या वर्षात असताना, नोव्हेंबरच्या नऊ तारखेला सकाळी सहा वाजता, छातीच्या दुखण्यानं मिस्त्री वारले.