दगडूआप्पांचं डांगर

आमचे शेजारी दगडूआप्पा झाडांची पाळी बदलायचे. लूमच्या कारखान्यात कारागिरांची बदलतात, अगदी तशी. रोज संध्याकाळी सातला दारात उभे राहून ओरडायचे, "चला रे, पाळी बदलनी! जास्वंद, नीज आते. रातरानी, ऊठ माय!" सकाळी सातला हेच उलट. डिंडोलीत, आमच्या लूम-कामगारांच्या वस्तीत, तेव्हा केबल नुकतीच आली होती. पण आमच्या गल्लीनं जोडणीची घाई केली नाही. आप्पा फुकट होते.

आप्पा धुळ्याकडचे, लूमवर मुकादम. बायको-मुलं गावी. इथं एक खोली, पुढं चार हात अंगण, अंगणात रंगाचे रिकामे डबे आणि डब्यांत बाग. कळी न देणाऱ्या झाडाचा ते खाडा मांडायचे आणि त्याचं पाणी बंद करायचे. मी थंडीत शेजारी राहायला आलो, तेव्हा मला वाटलं, हा माणूस झाडांना बोनसही देत असणार.

त्या वर्षी आप्पांना एकच ध्यास होता: आखाजीला घरचं डांगर हवं. डांगर म्हणजे आपलं खरबूज. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात आणि तिच्यावर डांगर ठेवतात. मी विदर्भातला, मला वाटलं, वडिलांची घागर असेल. तापीच्या वाळूतली डांगरं हातगाडीवर ढिगानं यायची, त्यातलं एक आणलं तर वडील काय परत पाठवणार होते? तसं म्हणालोही. आप्पा वेलावरून हात फिरवत म्हणाले, "नही. याच बीनं पाहिजे."

होळीनंतर ऊन तापलं, पानं माना टाकायला लागली आणि मुकादमांना अक्कल सुचली. ताण्याचं सूत मजबूत व्हावं म्हणून त्याला खळ पाजतात. उरलेली खळ बादली भरून घरी आली आणि सगळ्या डब्यांत तिचं समान वाटप झालं. "सूत खळ पिसन दम धरस, मंग झाडले काबर नको?" असं वर मलाच विचारलं. उन्हानं माती वाळून पापडासारखी कडक झाली. जास्वंद गेली, रातराणी गेली, डांगराचा वेल बुडापाशी काळा पडला.

सातचा पुकारा बंद झाला. डबे पालथे पडले. आप्पा कामावरून आले की खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी चिडवायला गेलो, "आप्पा, आज कोणाची पाळी?"

"कारखाना बंद शे," एवढंच म्हणाले.

पहिले काही दिवस मी शांततेची मजा घेतली. मग सात वाजले की चुकल्या-चुकल्यासारखं व्हायला लागलं.

एके सकाळी माझी बायको मोरीपाशी ओरडली. कुंपणाच्या जाळीतून त्या वेलाची एक फांदी केव्हाच आमच्याकडे घुसली होती. धुण्याच्या दगडामागच्या ओलीत तिनं स्वतःची मुळं धरली होती, आणि तिला लिंबाएवढं डांगर होतं. आप्पांना हाक मारली. ते आले, उकिडवे बसले, डांगराला बोटानं शिवले. मग उठले आणि आमच्या मोरीचा ताबा घेतला. साबण बंद, धुणं बंद, डांगरावर ओल्या गोणपाटाची सावली. सातचा पुकारा आता आमच्या अंगणात व्हायला लागला.

"आप्पा, आमच्या कपड्यांची पाळी कधी?" बायकोनं विचारलं.

"आखाजी होऊ दे, वहिनी," आप्पा म्हणाले.

आखाजीच्या सकाळी आप्पांनी मुठीएवढं डांगर तोडून नेलं. इतके दिवस मळके कपडे घातल्यावर एका फोडीवर आपला हक्क आहे, अशा हिशेबानं मी ताटली घेऊन मागोमाग गेलो. खोलीत घागर भरलेली होती, वर ते डांगर.

"वडिलांची ना?"

"बापनी घागर गावले भाऊ भरस. हाई सुपडूनी शे."

सुपडू त्यांच्या खोलीतला जोडीदार, त्याच लूमवरचा. मी यायच्या थोडं आधी तापानं गेला. बाग त्याची होती. एक दिवसपाळीला, दुसरा रातपाळीला, आणि दोघांत खाट एकच.

"तो उठे, मी निजू," आप्पा म्हणाले. "सातले दारमा भेट व्हये, तेवढीच. बसीसन बोलनं कधी व्हयनंच नही. बी त्यानं शे. त्याले कोनी नही. मंग घागर कोन भरी?"

सात वाजले. आप्पा सवयीनं उठून दारात गेले. मी पुकाऱ्याची वाट बघत होतो. पण ते परत फिरले, घागरीपुढं बसले आणि हळूच म्हणाले, "सुपडू, तू नीज आते. दोन्ही पाळ्या मी करस."

रिकामी ताटली पाठीमागं लपवून मी तिथंच उभा राहिलो.