इटलीवाल्यांचं माप

कुरुंद्यात बब्बूचाचांकडे शर्ट शिवायला टाका, माप घेता घेता ते तुम्हाला इटलीतल्या एका लेखकाची खबरबात देतात. टेप तुमच्या खांद्यावर आणि चाचा थेट इटलीत. "हालू नगा सर. तर आदी कादंबऱ्या लिहिल्या, मंग सिनेमे लिहिले. आन् बाप कोण? टेलर! आपल्यातलाच पोरगा म्हना ना."

ही सगळी विद्या एका अनुवादित कादंबरीच्या मलपृष्ठावरची. आतलं पान चाचांनी उघडलेलं नाही. पुस्तक त्यांच्या मुलाचं, सलीमचं. बाप म्हणाला मशीनवर बस, मुलगा म्हणाला मी सिनेमे लिहिणार. भांडून मुंबईला गेला त्याला आठ वर्षं झाली. पुस्तक मशीनच्या खणात राहिलं. सलीमचा विषय काढला की चाचा म्हणतात, "काज-बटन बाकी हाय," आणि मशीनला पाय मारायला लागतात.

मलपृष्ठावर लेखकाचा छातीपर्यंतचा फोटो आहे. तेवढ्यावरून माप काढलं म्हणतात आणि दर रमजान ईदला इटलीवाल्यांसाठी एक शर्ट शिवतात. आठ शर्ट कपाटात घडी घालून ठेवलेत. "पाठवणार कुठं?" मी एकदा विचारलं.

"पाठवायचं काहून? आले तर घालतील."

सगळं गाव हसलं, मीही हसलो. शाळेतल्या मास्तरमंडळींत तर मी हा किस्सा नकलेसकट सांगायचो.

परवा गेलो तर नववा शर्ट बेतायला घेतलेला. चाचा म्हणाले, "सर, फोनमधी बघा बरं. ते इटलीवाले बापाला भेटायला परत आलते का?"

पाहिलं. आले नव्हते. बापाच्या मातीलाही नाही. नंतर मात्र त्यांनी एक सिनेमा लिहिला, त्यात मुलगा घरी येतो आणि बाप दार उघडतो.

काय सांगावं म्हणून मान वर केली, तर समोर मापाची वही उघडी होती. खांदा साडेसतरा, बाही चोवीस. वर नाव, सलीम.

नकला आठवून मला माझीच लाज वाटली.

"आले होते चाचा," मी म्हणालो. "बापानंच दार उघडलं."

"व्हय?" चाचांनी खडू उचलला. कापडावरची रेघ पुसून जरा बाहेरून दुसरी मारली. "मंग छातीत बोटभर ढिला ठेवतो. इतक्या वर्सात अंगानं भरला असंल."