आवाज बंद, फ्रेंच चालू

घाडीकाका रोज संध्याकाळी साडेसहाला फ्रेंच टीव्ही बघतात. त्यांना फ्रेंच येत नाही. आणि बघताना ते आवाज पूर्ण बंद ठेवतात.

आखातातल्या माहूजमधल्या या फ्लॅटमध्ये मी राहायला आलो, तेव्हा हातातली बॅग खाली ठेवायचंही विसरलो होतो. समोर लुंगीतले एक गृहस्थ, मांडीवर ताट, ताटात भेंडी, आणि टीव्हीवर लाल कोटातली एक बाई कसलाही आवाज न करता एका म्हाताऱ्यावर ओरडत होती.

"काका, आवाज तरी लावा," मी म्हणालो.

"लावून? तुका फ्रेंच येता?"

"नाही."

"मगे?"

मी बी.कॉम. आहे. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मीच, आणि हे मी कुणी विचारायची वाट न बघता सांगतो. पण त्या "मगे?"नंतर मी आधी बॅग खाली ठेवली.

काका कणकवलीकडचे, एसी टेक्निशियन. इथल्या उन्हाळ्यात एसीवाल्याला जो मान असतो तो मंत्र्यालाही नसेल. आधीचे भाडेकरू लेबनॉनचे. जाताना डिश आणि बॉक्स सोडून गेले. त्यात अरबी चॅनेलं ढीगभर आणि फ्रेंच हे एकच. त्यावर समुद्रकाठच्या एका हॉटेलाची मालिका लागते. काकांनी त्यातल्या सगळ्यांना नाती वाटून टाकली आहेत. मालक, तो म्हातारा, म्हणजे आजारी आबा. पांढऱ्या टोपीवाला तो जावई. लाल कोटवाली ती आत्या.

"बघ, आत्या इली. आता ह्या घरात काय खरा नाय."

"पण काका, ती बोलली काय?"

"बोलूक कित्याक होया? नाक बघ तिचा. खलास, माका समाजला."

हे त्यांचं पालुपद. एसी उघडला तरी तेच, ऑफिसातून इंग्रजी मेल आला तरी तेच. मेलचा अर्थ मात्र मागाहून मला विचारतात.

आमचा तिसरा गडी शिर्के, कराडचा, ड्रायव्हर. तो मला सर म्हणतो. मी त्याला अडवत नाही. "सर, म्हातारं सटकलंय," असं तो आठवड्यातून दोनदा तरी मला कानात सांगायचा.

मग एके दिवशी वॉचमन सांगून गेला, की जुने बॉक्स काढून नवीन बसवणार. मराठी चॅनेलं येतील, फ्रेंच जाईल. ज्यांना जुनाच ठेवायचा असेल त्यांनी शनिवारच्या आत कळवा.

शिर्के म्हणाला, मराठी. काका म्हणाले, नको. दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"काका," मी समजावणीच्या सुरात म्हणालो, "आवाज बंदच ठेवायचा, तर मराठी बंद करून बघा. बंद ते बंदच."

काकांची सुरी भेंडीवर थांबली. "तां वेगळा," ते म्हणाले. पुढे खलास नाही, समाजला नाही, काही नाही.

मी मत राखून ठेवलं. शिकलेला माणूस पुराव्याशिवाय बोलत नाही. मी मालिकेचा एक तुकडा फोनवर घेतला आणि ऑफिसातल्या ट्युनिशियाच्या नबीलला दाखवला. त्याला फ्रेंच उत्तम येतं. तो म्हणाला, ही बाई कुणाची आत्याबित्या नाही, वकील आहे. तो जावई नाही, आचारी आहे. आणि म्हातारा आजारी नाही, सोंग करतोय. मला इतका आनंद पदवीच्या निकालालाही झाला नव्हता. शुक्रवारी जेवताना काकांना हे सगळं ऐकवायचं आणि मराठीला मत द्यायचं, असं ठरवलं.

शुक्रवारचा मात्र काकांचा नियम होता. साडेसहा वाजायला आले की, "यल्ला, चला, सुट्टी आसा, जरा पाय मोकळे करून येवा," म्हणत आम्हा दोघांना तासभर बाहेर काढायचे. शिर्केला दाट संशय होता, की काका एकटेच सुरमई तळून खातात.

त्या शुक्रवारी कोपऱ्यापर्यंत गेलो आणि आठवलं, सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, दुसऱ्या पँटमध्ये राहिलं. शिर्केला खाली थांबवून मी परत आलो आणि किल्लीने दार उघडलं.

सुरमईचा वास नव्हता. तांदळाच्या डब्याला टेकवून काकांनी फोन उभा केला होता. व्हिडिओ कॉलवर दोन वेण्यांची, तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी. टीव्हीवर हॉटेल चालू. काका टीव्हीच्या शेजारी जमिनीवर बसले होते आणि दोघांचे हात भराभर चालले होते. मुलीने कॉलर वर ओढल्यासारखं केलं आणि नाक चिमटीत धरलं. आत्या. काका हसून लोळायचेच बाकी होते.

मला बघून ते चपापले.

"माझा चेडू, सुमन," ते म्हणाले. "जन्मापासून तिका आयकाक येणा नाय. तुमी हसतलात म्हणून भायर धाडतंय."

मी मागे दार लावून घेतलं.

"फुडे काय होतला ता दोघांनी ओळखूचा, असो आमचो खेळ. मराठीत ओठ हलले की माका शब्द समाजतत. मी फुडे जातंय, ती मागे रवता." त्यांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. "हयसर दोघांय सारखी."

सुमनने मला पाहिलं होतं. हातांनी काहीतरी विचारलं. काकांनी डोक्यावर एक भलीमोठी टोपी आणि हातात पेन दाखवलं.

"काय सांगितलंत?"

"शिकलेलो आसा म्हणून."

तेवढ्यात टीव्हीवर लाल कोट आला. सुमनने त्याच्याकडे बोट केलं, मग माझ्याकडे, आणि भुवया वर करून थांबली. ही कोण, सांग.

काकाही माझ्याकडे बघत होते. माझ्या खिशात फोन होता, फोनमध्ये पुरावा होता, आणि वकील हा शब्द अगदी ओठावर होता.

मी कॉलर वर ओढली आणि नाक चिमटीत धरलं.

सुमनने टाळ्या वाजवल्या. "खलास," काका म्हणाले, "ह्याकाय समाजला."

खाली शिर्के ताटकळला होता. "सर, मिळालं का कार्ड?"

कार्ड घ्यायचं राहूनच गेलं होतं.

"फ्रेंच," मी म्हणालो.