पोळपाटाचं माप

मशीनवरची धूळ साधारण दोन मिलिमीटर जाडीची होती. लाकडाचा भुसा असता तर ती पिवळसर आणि हलकी असती. ही करडी होती, म्हणजे रस्त्यावरची. लाकूड गोल कापायचं ते मशीन लकडगंजात, रुपरावांच्या सागवानाच्या वखारीतल्या कोपऱ्यात येऊन चौदा महिने झाले होते आणि एवढ्या काळात त्याने एकही लाकूड चाखलं नव्हतं.

मशीन रुपरावांच्या मुलाचं, पियूषचं. वखारीत उरणाऱ्या तुकड्यांचे पोळपाट करून ते मोबाईलवरून विकायचे, असा त्याचा बेत होता. बेत चांगला होता. रुपरावही तसं म्हणाले होते, आणि ते सहसा कशालाच चांगलं म्हणत नसत. अडलं होतं ते मापापाशी. पोळपाट नऊ इंची करावा की दहा? पियूषने घेतलेल्या पहिल्या ऑनलाइन कोर्सने सांगितलं, आधी ग्राहकाला विचारा. त्याने दोनशे चौदा जणांना विचारलं. एकशे सात जण नऊ म्हणाले आणि एकशे सात दहा. दुसऱ्या कोर्सने सांगितलं की मुळात प्रश्नच चुकीचा विचारला. असे आतापर्यंत एकूण अकरा कोर्स झाले. प्रीतम मिस्त्री रोज सकाळी यायचे, "भाऊ, ठरलं का?" एवढं विचारायचे आणि रुपरावांच्या चौकटी रंधायला बसायचे.

शेवटी रुपरावांनीच मशीनला गिऱ्हाईक शोधलं. बेसा भागात फर्निचरचं काम सुरू करणारे देवराव गुरुवारी दुपारी दोन वाजता टेम्पो घेऊन येणार होते.

"तोवर एका पोळपाटाची तरी ऑर्डर आण," रुपराव म्हणाले. "नाहीतं मशीन गेली समज."

पियूषने यावर उपाय म्हणून बारावी गोष्ट विकत घेतली. ग्राहकांच्या निरोपांना मालकाच्या नावाने आपोआप उत्तरं देणारी ती सोय होती. तिचा नियम एकच, ग्राहकाला कधीही नाही म्हणायचं नाही.

गुरुवारी सकाळी साडेदहाला त्याने निरोप उघडले आणि वाचता वाचता तो उभा राहिला. धरमपेठेतल्या एका महिला मंडळाच्या अध्यक्ष इंदुताई यांनी रविवारच्या हळदीकुंकवात वाण म्हणून द्यायला चाळीस पोळपाट मागितले होते. पियूषच्या नावाने उत्तर गेलं होतं की हो, नक्की, नमुना तयार आहे, आज तीन वाजता वखारीत बघायला या.

वखारीत साग होता, बीजाचं लाकूड होतं, चौकटी होत्या, एक मोडकं कपाट होतं. पोळपाट नव्हता.

"नमुना अर्ध्या तासात होते," प्रीतम मिस्त्री म्हणाले. "माप सांगा."

टेम्पो यायला अजून साडेतीन तास होते. पियूषने माप सांगितलं नाही. आधी इंदुताईंना थोडं पुढे ढकलावं, मग शांतपणे विचार करावा, असं त्याने ठरवलं आणि तशी सूचना त्या सोयीला दिली. पुढे ढकलणं म्हणजे नाही म्हणणंच, असा तिचा हिशेब असावा. तिने वेळ तशीच ठेवली आणि ग्राहक नाराज होऊ नये म्हणून प्रत्येक पोळपाटावर एक लाटणं मोफत कबूल केलं. अकरा चाळीसला पियूषने लाटणं मागे घ्यायला सांगितलं. तिने लाटण्याबरोबर प्रत्येकीचं नाव कोरून द्यायचं मान्य केलं. सव्वाबाराला तो तिला बंद करायला गेला, तेव्हा कळलं की बंद कसं करायचं ते सोयीबरोबर आलेल्या शिकवणीच्या बाविसाव्या धड्यात आहे आणि तो धडा आठव्या दिवशी उघडतो. एक वाजता तिने आपणहून, तत्पर सेवा म्हणून, तीनची वेळ दोनवर आणली.

"फोन काहून नाही करत बे त्या बाईले?" रुपरावांनी विचारलं.

ते पियूषलाही सुचलं होतं. पण फोन केला की बाई पहिल्यांदा विचारणार, केवढा आहे पोळपाट. त्याने नंबर उघडला आणि परत बंद केला.

दोनला पाच कमी असताना देवरावांचा टेम्पो आला. त्यांच्या दोन माणसांनी मशीनभोवती दोर टाकायला घेतला. तेवढ्यात स्कूटर उभी करून इंदुताई आत आल्या आणि पदराने खुर्ची झटकून बसल्या.

"पियूष तूच का गा? मेसेजवर तं लय गोड बोलतो तू."

पियूष हसला. ते हसणं पूर्ण झालं नाही.

नावं कोरायची नाहीत, असं त्यांनी बसल्या बसल्या सांगून टाकलं. एकीचा पोळपाट दुसरीकडे गेला तर निस्तरणार कोण? लाटणं सगळ्यांकडे असतं, तेही नको. "फक्त पोळपाट दाखव. नसन तं सांग, मी इतवारीतून स्टीलचे डबे उचलते. रविवारले दोनच दिवस राहिले."

"काकू, बनला नाही अजून," पियूष म्हणाला. चौदा महिन्यांत त्याने केलेलं हे पहिलं साधं विधान होतं. मग सवयीने तो पुढे बोलून गेला, "मी एक छोटा फॉर्म पाठवू का? तुमच्या चाळीस जणींनी माप भरून दिलं, की..."

"चाळीस जणींले विचारलं तं चाळीस मापं येतीन," इंदुताई म्हणाल्या. "मागच्या वर्षी वाट्यांचं विचारलं होतं. दोघी अजून माझ्याशी बोलत नाहीत. म्हणून तं करणाऱ्याले विचारून राहिली. करणारा तूच ना?"

त्यांच्या पर्समध्ये मोबाईल वाजला. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि पडदा पियूषपुढे धरला.

"हे पाय. आता तू मले लिहून राहिला, माप तुमच्या आवडीचं. अन् तू तं इथं उभा आहे."

देवराव घड्याळाकडे बघत होते. त्यांच्या माणसाने दोराची पहिली गाठ मारली. रुपरावांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली आणि न उघडताच हातात धरून ठेवली. प्रीतम मिस्त्रींनी सागाची एक फळी उचलून पाटावर ठेवली, गोल आखायला तिच्या मध्यावर खिळा टेकवला आणि दोन्ही हात थांबवून वर पाहिलं.

पियूषने मोबाईल उपडा करून फळ्यांच्या ढिगावर ठेवला. तो तिथे दोनदा थरथरला.

"नऊ इंच," पियूष म्हणाला.